मिथ नव्हे, होक्स

हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी मिळावी म्हणून मी लोहगडवाडीतून लोणावळ्याला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जात होते. एका दिवशी सरांनी फळ्यावर शब्द लिहिले: मिथ, रूमर, होक्स. मिथ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. सांगणाऱ्याला ती खरीच वाटते. रूमर म्हणजे अफवा. होक्स म्हणजे खोटं आहे हे ठाऊक असून मुद्दाम रचलेलं.

मग उदाहरण म्हणून त्यांनी पडद्यावर एक व्हिडिओ लावला. गडाच्या पायथ्याचं धुकं, त्यातून चालणारी पांढरी आकृती, आणि एक तरुण कापऱ्या आवाजात सांगतोय की गावकऱ्यांच्या मते ही बुडून मेलेली बाई आहे. सर म्हणाले, ही झाली मिथ, खेड्यातले लोक अजून असलं मानतात. वर्ग हसला.

ती आकृती माझी आई होती.

गडाच्या वाटेवर आमची पिठलं-भाकरीची टपरी आहे. पावसात आई डोक्यावरून प्लास्टिकचा पांढरा कागद घेऊन झऱ्यावरून हंडा आणते. तो तरुण त्या दिवशी आमच्याकडेच जेवला होता. इथं भूत आहे का, असं त्यानं कॅमेऱ्यासमोर विचारलं, तेव्हा हितं कायबी न्हाई, असं आईनं स्वच्छ सांगितलं होतं. तेवढं त्यानं गाळलं. व्हिडिओ पसरल्यावर येणारे-जाणारे आईचे फोटो काढून हसू लागले. तिनं कागद घेणंच सोडलं. भिजत पाणी आणायची.

मी उभी राहिले.

"सर, धिस इज नॉट मिथ. धिस इज होक्स."

सरांनी फरक विचारला. पुढचं इंग्रजी येईना, म्हणून मराठीत बोलले.

"आमच्या वाडीत हे कुणीच मानत नाही. मानणारं गाव त्या माणसानं रचलंय. आणि ती बाई मेलेली नाही. ती माझी आई आहे."

सरांनी माझी माफी मागितली, व्हिडिओ बंद केला. मग हळूच म्हणाले, होक्सच्या आधी 'अ' लावायचा.

त्या रविवारी मी 'अ' लावून टपरीवर इंग्रजीत पाटी रंगवली: भूत हा होक्स आहे, व्हिडिओतली बाई इथंच भाकऱ्या थापते, तिलाच विचारा.

दिवाळीआधी तो तरुण पुन्हा आला. पाटीचे फोटो फिरतायत, माझी बदनामी होतेय, पाटी काढा, म्हणाला. मी तोंड उघडण्याआधीच आई चुलीपुढून उठली.

"पाटी न्हाई निघायची, दादा. आदी तुमचं खोटं काढा."

तो न जेवताच गेला. व्हिडिओ त्यानं काढलेला नाही. मला नोकरी लागली आहे. पावसानं पाटीचा रंग उडतो, सुट्टीला घरी आले की मी ती पुन्हा गिरवते.