अविवेकी विचारांचा रकाना

वर्गातले दिवे घालवले, प्रोजेक्टर लागला आणि समोरच्या पडद्यावर माझं अक्षर उमटलं.

माझंच. माझा 'श' गाठ मारल्यासारखा येतो. लहानपणी त्यापायी छड्या खाल्ल्यात मी. तो 'श' हातभर मोठा होऊन तीसएक माणसांपुढं उभा होता. वर मॅडमच्या नीटस अक्षरात मथळा : 'मागासवर्गीय तरुणीतील न्यूनगंड : एक केस.' खाली दोन रकाने. डावीकडं अविवेकी विचार. उजवीकडं विवेकी विचार. डावीकडचं पहिलं वाक्य : 'मला जातीमुळं पंगतीला बसू दिलं नाही.' उजवीकडं : 'लग्नघरात गडबड असते. मी चुकीचा अर्थ लावला.'

नावांवर काळी शाई फिरवली होती. तेवढी काळजी घेतली होती.

माझ्या मागच्या बाकावर एक डॉक्टर बसायचे. ते म्हणाले, "सगळं मिळतंय, तरी यांचं रडगाणं काय थांबत नाही."

दोघंतिघं हसले. मॅडम त्यांना काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हाच मुद्दा आहे. जखम बाहेर नसतेच. ती विचारांत असते."

माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी मुरगूडजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते. माझे वडील, आबा, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत साचे भरायला. तिथंच खोली करून राहायचे, आठवड्यानं घरी यायचे. आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली बीएड. शाळेत मुलांशी बोलायला एक शिक्षक असावा असं निघालं आणि हेडमास्तरांनी मला समुपदेशनाच्या पदविकेला घातलं. दोन हजार दोनच्या आसपासची गोष्ट. दर रविवारी सकाळची एसटी धरून कोल्हापूरला जायचं, संध्याकाळी परत.

या कोर्सात एक नियम होता. दुसऱ्याचं ऐकायच्या आधी आपण कुणाजवळ तरी बोलायचं. प्रत्येकानं दहा बैठका घ्यायच्या. माझ्या वाट्याला मॅडम आल्या. कोर्सच्या प्रमुख त्याच. त्यांच्या घरीच एक खोली होती. वेताच्या दोन खुर्च्या, खिडकीत तुळस. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं, त्यांच्या घरच्याच तांब्याभांड्यातनं. मी ते भांडं दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यानं मी विरघळले. आमच्यासारख्याला किती थोडं पुरतं.

"इथं बोललेलं या चार भिंतींबाहेर जात नाही," त्या म्हणाल्या. "सांग बाळा, काय होतंय?"

तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं विचारायचे ते 'जेवलीस का' म्हणून. आणि माझं दुखणं तिथंच होतं. मला चार माणसांत जेवता येत नव्हतं. घास घशाशी जायचा आणि तिथंच थांबायचा.

मग मी सुनंदाचं सांगितलं. सुनंदा माझ्याच शाळेत गणित शिकवायची. बागायतदाराची पोरगी, मनानं चांगली. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. माझ्या आईची वांग्याची भाजी ती बोटं चाटून खायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवर माझं नाव तिनं स्वतः लिहिलं. मी नवी साडी घेतली. अक्षता पडल्या, मांडवात पंगत बसली, मी शाळेतल्या बायांबरोबर पाटावर बसले. पत्रावळ पुढं आली. मीठ वाढलं. आणि सुनंदाची आई माझ्याजवळ वाकून हळू म्हणाली, "बाई, तुमी जरा उठा. तुमचं मागनं करू."

मी उठले. पंगतीतल्या एकीनंही वर बघितलं नाही. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सुनंदा नवऱ्याशेजारी उभी होती. तिनं बघितलं. आणि नजर फिरवली. मी तशीच स्टँडवर आले. आईला सांगितलं, जेवण झकास होतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना सांगताना मी लहान पोरीसारखी रडले. त्या थांबल्या, ऐकून घेतलं, रुमाल दिला. मग म्हणाल्या, "तुला उठवलं, हे घडलं. पण जातीमुळं उठवलं, हे तू लावलेलं आहेस. पाहुणे जास्त झाले असतील. तू मनातून आधीच तयार होतीस दुखावून घ्यायला. नाही का?"

मी रुमालाची घडी घालत मान हलवली.

"जात आता राहिलीय कुठं गं? तुझ्या डोक्यात आहे ती. तिथून आपण काढू."

त्यांनी वही करायला सांगितली. डावीकडं मनात येईल तो विचार, उजवीकडं त्याची दुरुस्ती. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी रोज लिहीत गेले. ज्यांनी मला पाटावरनं उठवलं त्यांना मी माझ्याच हातानं, निळ्या शाईत, निर्दोष सोडत गेले. आणि खोटं का सांगू, बरं वाटायला लागलं होतं. आपलंच चुकलं असं धरलं की भांडण संपतं. आमच्या आईबापांनी तसंच तर निभावलं.

आठव्या बैठकीनंतर मॅडमनी घरचा अभ्यास दिला. सुनंदाला भेट, मन मोकळं कर. ती तेव्हा माहेरी आली होती. मी गेले. तिला मळ्याकडं नेलं आणि म्हटलं, "सुनंदा, मी तुझ्याबद्दल उगंच वाईट धरून बसलेय. मला माफ कर."

ती खाली बसली बांधावर.

"तू कशाला माफी मागतीस?" ती म्हणाली. "सासरच्या मंडळींनी इचारलं, ती कोण म्हणून. आईनं जात सांगितली. ती माणसं उठतो म्हणाली. मग आईनं तुला उठवलं. मला सगळं ठावं हुतं. तोंड न्हवतं मला."

म्हणजे झालं होतं ते झालंच होतं. मी वेडी नव्हते.

ते सगळं मी त्याच रात्री वहीत लिहिलं. सुनंदाचं वाक्यन् वाक्य. रकाने न पाडता. पुढच्या बैठकीला मॅडमच्या हातात वही दिली. त्यांनी ते पान वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटली आणि म्हणाल्या, "ही राहू दे माझ्याकडं. यावर आपण नंतर बोलू."

नंतर म्हणजे हे. हा पडदा.

मॅडम पुढं सांगत होत्या. "हळूहळू क्लायंटनं वास्तव स्वीकारलं. तिनं मैत्रिणीकडं जाऊन माफी मागितली. आज ती बरीच मोकळी आहे."

मी उभी राहिले. शेजारची नर्स माझा पदर ओढून म्हणाली, "बस गं." मी बसले नाही.

"मॅडम, पुढचं पान दाखवा की."

"प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न न्हाय. ही वही माझी हाय. ती क्लायंट मीच. पुढच्या पानावर त्या मैत्रिणीनं काय सांगितलं ते लिवलंय. ते तुम्ही वाचलंय."

इतकी वर्षं घासून घासून बोलायला शिकलेलं मराठी त्या घटकेला गळून पडलं. बरं झालं. मी सगळ्या वर्गाला सुनंदाचं बोलणं सांगितलं, जसं होतं तसं. कोण हसलं नाही आता. डॉक्टर चष्मा पुसत बसले. कुणीतरी दिवे लावले.

"तू आत्ता फार भावनिक झालीयेस," मॅडम म्हणाल्या. "बाहेर जाऊन थोडं पाणी पी."

मी प्रोजेक्टरपाशी गेले, काचेवरचा पारदर्शक कागद उचलला आणि पिशवीत घातला. मग बाहेर गेले. पाणी प्यायला नाही.

मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांचा आवाज तसाच मऊ होता. तो मऊपणा मला आजही ऐकू येतो.

"मी तुझं नाव झाकलं होतं," त्या म्हणाल्या. "उघडं तू केलंस. वर्गासमोर माझा अपमान झालाय. माफीचं दोन ओळींचं पत्र दे, म्हणजे पदविका अडणार नाही."

"माझी वही मला न विचारता दाखवली, त्याचं काय?"

"तुझ्या भल्यासाठीच ना? तुमच्या समाजातल्या मुली पुढं याव्यात म्हणून मी किती धडपडते, तुला माहिती आहे."

घरी आल्यावर आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. लग्नातलंसुद्धा. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "दे की लिवून. कागद तर मिळंल. आमी काय कमी येळा मागितली माफी?"

तिनं ते माझ्या काळजीनं सांगितलं. पण त्या वाक्यानंच माझं ठरलं. तिनं मागितल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या.

मी पत्र दिलं, ते तक्रारीचं. महिन्यानं संस्थेचं उत्तर आलं : नाव उघड केलेलं नसल्यामुळं गोपनीयतेचा भंग झालेला नाही. पदविका मिळाली नाही. पुढं मी दुसऱ्या गावच्या संस्थेतून बाहेरून कोर्स केला, दोन वर्षं जादा घालवून. घास अजूनही कधीकधी अडकतो. ते बरं झालं असं मी म्हणणार नाही.

पाचेक वर्षांनी त्याच संस्थेतून फोन आला. समुपदेशन आणि सामाजिक विविधता यावर शिबिर होतं. अध्यक्ष मॅडमच. फोनवरच्या बाई गोड होत्या. "तुमचा अनुभव सांगा ना. कुणाची नावं न घेता."

मी म्हटलं, "येते. पण आधी मॅडमनी त्याच हॉलमध्ये सांगायचं, की ते पान मी वाचलं होतं आणि मुद्दाम लपवलं."

"एवढं जुनं कशाला उकरायचं? तुम्ही आता स्वतः समुपदेशक आहात."

"व्हय, म्हणूनच."

मी गेले नाही.

आता समाजमंदिराच्या मागच्या खोलीत माझ्याकडं माणसं येतात. आमचीही येतात, शेतकऱ्यांच्या घरातलीही येतात. कुणी सांगतं, मला हॉटेलात वेगळं बसवलं. कुणी सांगतं, साहेब माझ्या हातून फाइल घेत नाहीत, टेबलावर ठेवायला लावतात. मी 'तुम्हाला तसं वाटलं असेल' म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. विचारते, कोण होतं, काय बोललं, तुम्ही काय केलंत. आणि आता काय करायचंय.

मला बरं व्हायचंय. पण झालेलं झालंच नाही असं म्हणून नाही. कुणी कितीही मऊ आवाजात सांगितलं तरी नाही.