नेट बंद ठेवून जग धुंडाळलं

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी, असं मी स्वतःच जाहीर करून ठेवलं होतं.

त्या दुपारी माझ्या धाकट्या बहिणीची, रुबीनाची, मेंदी होती. अब्बा कुवेतला. रजा मिळाली नव्हती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तेवढे व्हिडिओवर येणार होते. "मोबाइल नको हां!" त्यांनी बजावलं होतं. "ईदला तासभर नुसतं छप्पर दाखवलंत!" म्हणून मी ओटीवर लॅपटॉप मांडला.

अब्बांनी सांगितलेला कॉलचा प्रोग्राम तेवढा त्यात नव्हता. मी पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर शोधून आणून बसवणारा लॅपटॉपमधला गडी) उघडला आणि नाव टाकलं. तत्क्षणी उत्तर : असं पॅकेज नाही!

"नाव चुकलं असंल," शेजारी सुपारी कातरत बसलेले चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही सुपारी कातरा!" मी नुसतं 'व्हिडिओ' टाकून पाहिलं. हा गडी वर्णनातलेही शब्द जुळवतो. पडद्यावर धो धो नावं वाहिली. हवं ते सोडून सगळं, कोंबड्या पळवायचा खेळसुद्धा!

"अख्खं जग धुंडाळलं," मी तुच्छतेनं म्हणालो. "असा प्रोग्राम अस्तित्वातच नाही. कुवेतवाल्यांना काय कळतंय!"

अम्मीनं डोळ्यांना ओढणी लावली. "म्हंजे त्यांना पोरीची मेंदी दिसायचीच न्हाय?" मला फार वाईट वाटलं. (चूक माझी असेल असं मात्र मुळीच वाटलं नाही.)

कोपरापर्यंत मेंदी माखलेली रुबीना हात अधांतरी धरून आली. "भाय, राउटर चालू हाय का?"

नव्हता. दिव्यांच्या माळेसाठी त्याचा प्लग मीच सकाळी काढला होता!

"नेट बंद, आन् तू जग धुंडाळलंस?" ती कडाडली. "तो नेटवर शोधतच न्हाय! आधी उतरवून ठेवलेली यादी तुझ्याच डिस्कवर बघतो. ती ताजी कधी केलीस?"

मी कधीच केली नव्हती.

माळ विझली, राउटर लागला. रुबीना सांगत होती, मी निमूट टाइप करत होतो. यादी ताजी झाली, पुन्हा शोधलं, आणि 'अस्तित्वातच नसलेला' प्रोग्राम पहिल्याच ओळीत हजर!

अब्बा दिसले. रुबीनानं दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. तिकडे अब्बा रडले, इकडे अम्मी.

"सुट्टी संपत आली बेटी," अब्बा म्हणाले. "एवढा उशीर का झाला?"

ओटीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आपल्याकडे नेटचं काही खरं नाही, अब्बा!" मी म्हणालो.