अल्पशा आजाराने नाही

नलूताईंना बेसबॉलच्या बॅटने मारलं.

शनिवारी, भर दुपारी, आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत. मी तिथे होते.

हे आधी लिहून टाकते. कारण आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ वाचून तुम्ही सगळे हात जोडल्याचे इमोजी टाकून मोकळे झालात.

कसला डोंबलाचा अल्पसा आजार? कवटी फुटली होती त्यांची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नलूताई मूळच्या सांगलीच्या. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायच्या जवळ, पब्लिक हायस्कूलमध्ये आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. रिटायर झाल्यावर स्कूल बोर्डाच्या इलेक्शनला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा पडल्या, दुसऱ्यांदा निवडून आल्या. यंदा स्टेट हाउससाठी, म्हणजे इथल्या विधानसभेसाठी, उभ्या होत्या.

बोर्डावर गेल्या गेल्या त्यांनी एकच हट्ट धरला. हायवेपलीकडच्या अपार्टमेंटमधली मुलं पण आपल्या चांगल्या शाळेत आली पाहिजेत. त्यासाठी कुठल्या वस्तीला कुठली शाळा, ती बाउंड्री बदला.

झालं. इथे घराचा भाव शाळेवर ठरतो. घरांच्या किमती पडणार म्हणून लोक पेटले.

एका मीटिंगमध्ये कुणीतरी पाण्याची स्टीलची बाटली भिरकावली. ताईंची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरतंय आणि बाई टिशू दाबून म्हणतात, "प्लीज कंटिन्यू. आय ॲम लिसनिंग."

टाके घालून घरी आणलं तेव्हा मी भडकले होते. मी नागपूरची, मला गोड बोलता येत नाही.

"ताई, सोडा ना हे. कोण मेडल देणार आहे तुम्हाला?"

"मंजू, लॅबमध्ये ॲसिड सांडलं तर मी पोरांना सोडून पळायचे का गं?"

"ॲसिड मुद्दाम अंगावर धावून येत नाही."

यावर त्या हसल्या. हसताना टाका ओढला गेला आणि परत रक्त आलं.

स्टेट हाउसचं कॅम्पेन सुरू झालं आणि प्रकरण आणखी चिघळलं. पिकअप ट्रक लॉनवर घालून यार्ड साइन्स, प्रचाराच्या पाट्या, चिरडल्या. मेलबॉक्स फटाक्याने उडवला. एकदा दारात मेलेला रकून टाकला, पोट फाडलेला. ताईंनी फावडं घेतलं, मागे खड्डा खणला, पुरला, हात धुतले आणि प्रचाराला निघाल्या.

त्या शनिवारी मी ड्राइव्ह करत होते, त्या घरोघर दारं वाजवत होत्या.

एका घराचं गराज उघडं होतं. आतून एक माणूस बॅट घेऊन निघाला. नुसता चालत आला. पहिला फटका खांद्यावर. ताई ड्राइव्हवेवर पडल्या. दुसरा डोक्यात.

तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. मला जेवताना ऐकू येतो.

मी गाडीतून उतरले. हातात यार्ड साइनची लोखंडी तार होती, तीच त्याच्या मानेत घातली. पुन्हा घातली. त्याने बॅट फिरवली, माझं उजवं मनगट मोडलं. शेजारचे दोघं त्याच्या अंगावर बसले तेव्हा मी थांबले.

पोलिसांना सांगितलं तेच इथे सांगते. परत वेळ आली तर परत घालीन.

नलूताई पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होत्या, शेवटी न्यूमोनिया झाला. म्हणून म्हणे ‘आजार’.

मंडळाच्या सेक्रेटरीला, निखिलला, फोन केला. शिव्याच घातल्या.

तो शांतपणे म्हणाला, "मंजूताई, मंडळ पॉलिटिक्सपासून लांब असतं, हे खरंय. पण तो मेसेज माझा नाहीये यार. विजयकाकांनी स्वतः पाठवलाय."

विजयभाऊजी म्हणजे नलूताईंचे मिस्टर.

तशीच त्यांच्याकडे गेले. भाऊजी किचनमध्ये दिवा न लावता बसले होते.

"भाऊजी, तुम्ही असं लिहिलंत?"

"तो आत आहे मंजू, पण त्याचा भाऊ बाहेर आहे. समोरच्या गल्लीत राहतो. मला इथेच राहायचंय. दर मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला मीच जाणार आहे."

घाबरलेल्या माणसाला काय सांगणार? तेही ज्याची बायको गेलीय त्याला. मी चहा केला. त्यांनी घेतला नाही.

मी निघताना ते म्हणाले, "तू पण काही लिहू नकोस. प्लीज." मी बरं म्हटलं.

काल स्कूल बोर्डाची मीटिंग होती. भाऊजींना मीच घेऊन गेले. प्रेसिडेंट बाईंनी कागद वाचला: नलिनी यांचं आजारपणातल्या कॉम्प्लिकेशन्समुळे निधन झालं, आपण सगळे एक मिनिट शांत उभे राहू.

सगळे उभे राहिले. त्याचा भाऊसुद्धा. तिसऱ्या रांगेत, टोपी काढून, मान खाली घालून.

भाऊजींनी ते पाहिलं.

आयुष्यभर कारच्या गिअरबॉक्सवर काम केलेला हा माणूस. मंडळाच्या स्टेजवर गणपतीची आरतीसुद्धा मागच्या रांगेतून म्हणणारा. तो माइकपाशी गेला.

"माय वाइफ वॉज नॉट सिक," ते म्हणाले. "अ मॅन बीट हर विथ अ बॅट. सिट डाउन, प्लीज. डोन्ट स्टँड फॉर अ लाय."

कुणी हललं नाही. मग एक बाई बसली. मग तिच्या शेजारचा. खुर्च्या वाजत राहिल्या. सगळ्यात शेवटी तो भाऊ बसला.

गाडीत बसल्यावर भाऊजींनी बेल्ट लावला. मग म्हणाले, "निखिलला मेसेज बदलायला सांगतो. आणि तुला काय लिहायचं ते लिही. सगळं लिही."

म्हणून लिहिलं. डाव्या हाताने टाइप केलंय, चुका असतील.

नलूताई, श्रद्धांजली वाहायला मन शांत लागतं म्हणतात. माझं अजून नाही झालं. झालं की वाहीन. तोवर कुणी विचारलं तर तुम्हाला मारलं असंच सांगेन.

नमस्कार करते, ताई.