अंगाला पाणी लावायचं नाही

हल्ली या कामाला नाव मिळालंय. फॉरेन्सिक नर्सिंग म्हणतात. त्याचं रीतसर शिक्षण असतं, प्रमाणपत्र असतं. पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहणारी एक नर्सिंगची पोरगी परवा मला हे सगळं कौतुकानं समजावून सांगत होती. मी नर्स होते त्या सरकारी दवाखान्यात या कामाला नाव नव्हतं. "ती केस आलीय, कुणीतरी जा," एवढंच म्हणायचे, आणि उठायचं कुणी नाही. मी उठायचे.

केस म्हटलेलं मला खपायचं नाही. त्या वर्षांत आमच्या वस्तीत विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरा विषय नव्हता. भाऊ मोर्च्यात लाठ्या खाऊन आला होता, आणि खेड्यात घरं जाळल्यामुळं पळून आलेली माणसं आमच्या गल्लीत पाहुणी होती. एका नावासाठी एवढं सोसणाऱ्या घरातली मी, समोरच्या बाईला तिचं नाव न विचारता कशी राहणार? आधी नाव विचारायचं, मग बाकीचं, हा माझा नेम होता.

ती आली ते दिवस वाळूजला कारखान्यांच्या शेडवर शेड उठण्याचे. पिशोरकडची मेंढपाळ घरातली सून. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, म्हणून सासूबरोबर बजाजनगरात खोली करून ती बांधकामावर जात होती. मुकादमानं तिला अर्धवट शेडमध्ये गाठलं. पोलिसांनी सकाळी तिला आमच्या वॉर्डात आणून सोडलं तेव्हा केसांत, मानेवर, लुगड्यावर नुसती माती होती.

आमच्या वॉर्डाची एक रीत होती. मोठ्या डॉक्टरांचा राऊंड यायच्या आत मळकं पेशंट धुऊनपुसून कॉटवर ठेवायचं. वॉर्डातल्या मावशींनी त्या रीतीप्रमाणं बादलीत ऊन पाणी काढलं, आणि चांगल्या मनानंच काढलं. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलेलं होतं की अशी बाई आली तर त्यांनी स्वतः तपासेपर्यंत तिच्या अंगाला पाणी लावायचं नाही, पुरावा अंगावरच असतो. त्या दिवशी डॉक्टरीणबाई ऑपरेशनला उभ्या होत्या आणि दुपारशिवाय सुटणार नव्हत्या.

मी बादली मोरीत रिकामी केली, पालथी घातली आणि मोरीच्या दारात तिच्यावर बसले.

सासू आधी हात जोडून आली. "बाई, येक डाव तिच्या डोक्यावरून पानी घालू द्या. मंग आम्ही जातो घरला. मुकादमाचा मानूस बाहेर उभा हाय, म्हनतो मिटवून घ्या. जमातीत तोंड कसं दाखवू मी?" तिचा राग मला आला नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा मात्र आला, आणि मी जाऊन त्याला वऱ्हांड्यातून हाकललं.

मग इन्चार्ज सिस्टर आल्या. "पेशंट अशा अवस्थेत राऊंडला दाखवायचा? उठा तिथून."

"डॉक्टरीणबाई आल्यावर उठते."

"तुम्हा लोकांना कुठंही मोर्चाच काढायचा असतो."

"व्हय, मोर्चाच समजा," मी म्हणाले आणि बादलीवर आणखी ऐसपैस बसले. मला मेमो मिळाला. मिळू दे.

पण ती स्वतः उठून माझ्याकडं आली तेव्हा माझा सगळा ताठा उतरला. तिचा आवाज बसलेला होता. "ताई, अंगाला त्याचा वास येतोय. पानी द्या. पाया पडते."

इन्चार्जबाईंशी भांडणं सोपं होतं. हिला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. मी उठले, तिचं नाव घेतलं आणि खरं ते सांगितलं. "आता अंघोळ केलीस तर त्यानं केलेलं पाण्याबरोबर जाईल, मग कोर्टात तुझ्या शब्दाशिवाय काही उरणार नाही. पण अंग तुझं आहे. तू म्हणशील तर या घडीला मीच पाणी आणते, आणि कुणाला बोलू देणार नाही."

सासू तिचा हात ओढत होती. शेवटी तिनं हात सोडवून घेतला. "ऱ्हाऊ द्या पानी. बसते मी अशीच."

आणि बसली. राऊंड आला, मोठ्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला, तिनं मान खाली घातली नाही. दुपारी डॉक्टरीणबाई धावत आल्या. प्रत्येक गोष्ट तिला आधी विचारून, सांगून केली. मी चादर धरून होते, लागेल तेवढंच अंग उघडं करत होते. लुगडं कागदात बांधलं, नखांखालची मातीसुद्धा घेतली. मग मी ऊन पाणी आणलं, दाराला कडी घातली आणि तिला मनाजोगी अंघोळ घातली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि मीही रडले.

मुकादमाला शिक्षा झाली, हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्याच्या अगोदरचं आहे. खटला बंद दाराआड चालला. दवाखान्याकडून साक्ष डॉक्टरीणबाईंची होती. मला तिनं सोबत म्हणून मागून घेतलं होतं. मुकादमाचा वकील कागद चाळत, अगदी गोड आवाजात तिला म्हणाला, "घरंदाज बाई असं काही घडल्यावर आधी अंघोळ करील. तुम्ही दुपारपर्यंत तशाच बसून राहिलात. लाज वाटली नाही?"

मला बोलायची परवानगी नव्हती, आणि तिला माझी गरजही नव्हती.

"धुतलं आसतं तर तुमी म्हनला आसता, काय झालंच नाय," ती म्हणाली. "नाय धुतलं, तर लाज नाय म्हनता. लाज माझ्याकडं लई हाय, सायेब. पर ती आज मी हितं त्याला द्यायला आनलीय." आणि तिनं हात लांब करून मुकादमाकडं बोट दाखवलं.