झुलेमाबाईंचा नकार

झुलेमा पेर्दोमो होंडुरासच्या डोंगरातल्या त्या शाळेत आली ती शिवणकाम शिकवायला. तिसऱ्याच आठवड्यात इंग्रजीचे मास्तर नोकरी सोडून उत्तरेकडे, अमेरिकेत गेले. मुख्याध्यापक आबेलिनोंनी त्यांचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

"दोन महिने सांभाळा, बाई. पुढचं पुढे बघू."

त्याला नऊ वर्षं झाली. आई दहा तासांवर, किनाऱ्याकडे एकटी राहत होती. झुलेमा दर फेब्रुवारीत बदलीचा अर्ज करायची आणि दरवर्षी तेच उत्तर यायचं: इंग्रजीला दुसरं कुणी नाही.

"'शी सिंग्स.' ती गाते. आता नाही म्हणा," एकदा वर्गात ती म्हणाली.

"शी डझन्ट सिंग्स!" येर्लिन ओरडली.

"डझन्ट आलं की मागचा एस गळतो. किती वेळा घोकून घेऊ?"

"गळून जातो कुठे, बाई?"

"डझमध्ये जाऊन बसतो. आणि प्रश्न विचारायचा तर डझ आधी. डझ शी सिंग?"

"नाही गात, नुसती रेकते!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग खिदळला.

ऑगस्टमध्ये तपासनीस आले. सोबत एक पिकल्या केसांची परदेशी पाहुणी होती. तास संपल्यावर तिने झुलेमाला सावकाश विचारलं, "डू यू लाइक युअर वर्क?"

काम आवडतं का? हा प्रश्न झुलेमाने फळ्यावर शेकडो वेळा लिहिला होता. तिला तो कुणीच विचारला नव्हता. स्पॅनिशमध्ये विचारला असता, तर "देवाची कृपा" म्हणून ती मोकळी झाली असती.

"नो," ती म्हणाली. "आय डोन्ट." मग थांबवेना. "आय डोन्ट स्लीप. आय डोन्ट सी माय मदर."

पाहुणीने तिचा हात धरला आणि भरभर काहीतरी बोलली. झुलेमाला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"काय म्हणालात हो त्यांना?" आबेलिनोंनी विचारलं.

"नकारार्थी वाक्यं... करून दाखवली, सर."

"आणि किती अस्खलित!" तपासनीस खूश झाले. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं.

डिसेंबरात पत्र आलं. शिवणकामाची जागा रद्द झाली होती आणि झुलेमा इंग्रजीला कायम झाली होती. शिक्षकांच्या खोलीत कॉफी झाली, गोड पाव वाटले गेले. सगळ्यांनी मिठ्या मारल्या.

घरी येऊन तिने आईला फोन लावला.

"मग? बदलीचं काय झालं गं?" आईने विचारलं.

"कायम केलं मला, आई."

"बरं झालं हो," आई म्हणाली. "जेवलीस का?"