माझ्या पाटल्यांची ओळ

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल माफी. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला कुठलीच सुरुवात करता येत नाही.

माझी धाकटी जाऊ ऑस्ट्रेलियात वाईन करते. दीर तिकडे शेतीचं शिकायला गेले आणि राहिले. त्यांनी जमीन घेतली त्या भागात तोवर मेंढ्या चरायच्या, द्राक्षाचा वेल कुणी लावला नव्हता. कर्ज जमिनीतच संपलं, रोपांना पैसे उरले नाहीत. जावेचा फोन आला तेव्हा मी पाटल्या विकून पैसे पाठवले. ती म्हणाली, "अक्का, पहिली ओळ तुमची."

ती सहज म्हणाली असेल. मी मात्र ते धरून बसले.

तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत छाटणी मी करायचे. नखं खराब होतात म्हणून ती कात्रीला हात लावायची नाही. तिकडे गेल्यावर मात्र वेलासमोर उभी राहून फोन करायची, "अक्का, काडीला किती डोळे ठेवू?" किती कोंब राखायचे, कुठे कापायचं, मी सांगायचे.

अमेरिकेत क्युपर्टिनोला मुलाकडे राहायला आल्यावर एकदा दुकानात तिची बाटली दिसली. मागच्या बाजूला तिचा फोटो, हातात कात्री. मुलाने मजकूर वाचून दाखवला. त्या भागातली पहिली बाग, दोघांचे कष्ट, कांगारूंनी खाल्लेले कोंब.

"अजून काय आहे?"

"संपलं, आई."

कांगारूंचं नाव होतं. त्या दिवशी माझ्याकडून कणीक इतकी घट्ट मळली गेली की पोळ्या ताटात तशाच राहिल्या.

गेल्या महिन्यात दोघं इकडे वाईनची चव द्यायला आली. मुलगा आम्हाला घेऊन गेला. जाऊ ग्लासात घोटभर ओतायची आणि इंग्रजीत बोलायची. लोक मान डोलवायचे. नातीने विचारलं, "आजी, यू नो हर?"

"कात्री कुठे चालवायची ते मी शिकवलंय तिला."

नात हसली. तिला ती गंमत वाटली.

येताना गाडीत मी एक वाक्य मनात पाठ केलं होतं. पैसे नकोत, पण ती ओळ माझी आहे एवढं कुठेतरी लिहा. दोघं घरी जेवायला आली की बोलायचं ठरवलं. पण पानं वाढायच्या आधीच जावेने पर्समधून पाकीट काढलं.

"आजच्या सोन्याच्या भावाने आहे, अक्का. इतकी वर्षं टोचत होतं बघा."

दीर म्हणाले, "वहिनी, आता आम्हाला मोकळं करा."

पाठ केलेलं सोडून मी विचारलं, "ती पहिली ओळ अजून आहे का?"

"आहे की. सगळ्यात महाग बाटली त्याच ओळीची," जाऊ म्हणाली. किती आनंदाने म्हणाली.

मी पाकीट घेतलं आणि आमटी गरम करायला आत गेले. गॅससमोर उभी राहून तिचा इतका राग आला की चमचा खाली ठेवावा लागला. तिने काहीच वाईट केलं नव्हतं.

दोघं गेल्यावर मुलाने चेकचा फोटो काढून बँकेत भरला. दोन दिवसांनी फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "जमा झाले, आई. सगळे फिटले."