जोडीनंच विकणारे भावजी

माझ्या धाकट्या दिरांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. मासा कुठलाही असो, भावजी तो जोडीनंच विकतात. "एकटा जीव झुरतो हो," असं गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज कातर होतो, कारण चाळिशी उलटली तरी त्यांचं लग्न काही जमलेलं नाही.

एकदा पाणवनस्पतींबरोबर त्यांच्या टाकीत चपटकृमी आले. नखाएवढे, करडे, आणि डोळे असे तिरळे की आपल्याकडे बघतायत की शेजारच्याकडे, कळू नये. भावजींनी चिडून ब्लेडनं त्यांचे तुकडे केले. तर तुकड्यातुकड्याला डोकं-शेपूट फुटून टाकीभर तिरळेच तिरळे!

त्यांच्यावर भाळल्या त्या फक्त कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाई. माशांचं खाणं न्यायला आल्या होत्या. आणि बाईंवर भाळले भावजी.

"मला यांचे अंड्यांचे कोष हवेत," बाई म्हणाल्या. "मिळतील? नाहीतर दुसरं दुकान बघते."

दुसरं दुकान म्हणताच भावजी जाळी घेऊन टाकीकडे धावले. "मिळतील की! जोडी बांधून देतो." त्यांनी दोन कृमी दोन पिशव्यांत भरलेसुद्धा. "हा नर, ही मादी."

बाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. "अहो, यांच्यातला प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही! शिवाय तुमच्या दुकानात हा उकाडा. उबेत हे जोडीच्या भानगडीत पडतच नाहीत. शेपूट काचेला घट्ट चिकटवायचं, डोक्याकडून पुढे ओढायचं, की फाटून एकाचे दोन! या जातीला गारवा मिळाला, तर मात्र जोड्या जमतात."

झालं! त्याच संध्याकाळी कृमींची बरणी माझ्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात येऊन बसली. पाहुणे फार गारठू नयेत म्हणून भावजींनी फ्रिजचं बटण कमी केलं, आणि माझं दूध नासत राहिलं.

"वहिनी, दार आपटू नका. त्यांना एकांत लागतो."

"आणि मला कोथिंबीर लागते, भावजी!"

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे उबेत राहिलं की एकटं राहतं, नि गारठलं की जोडी जमते?"

"हो, आई," भावजी म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मग यालाच ठेव की गं त्या कप्प्यात!"

काही आठवड्यांनी बरणीतल्या दगडाखाली, बारीकशा देठावर, मिरीच्या दाण्यासारखा एक तपकिरी गोळा दिसला. "झालं, झालं!" भावजी असे ओरडले की शेजारीणबाई बाळ बघायला आल्या.

बरणी छातीशी धरून भावजी कॉलेजात गेले. परतले ते शिंकत, पण चेहरा फुललेला.

"बाईंच्या प्रयोगशाळेत एसी फार आहे, वहिनी. म्हणाल्या, कोष फुटेपर्यंत रोज येऊन बघत जा."

"मग उद्या स्वेटर घालून जा," म्हणत मी कपाट उघडलं.

"खबरदार!" सासूबाईंनी माझ्या हातातून स्वेटर ओढून घेतला आणि भर उकाड्यात स्वतःच घालून बसल्या.